जोडी

२०२४ च्या जून महिन्यातली गोष्ट. डॉक्टरीणबाईंची फियाट आमच्या गॅरेजपुढे येऊन थांबली आणि थांबल्यावरही क्षणभर झोके घेत राहिली. आबा पान्हा खाली ठेवून उठले. बाईंना नमस्कार करून ते गाडीच्या मागे गेले आणि डिकीचा डावा कोपरा दोन्ही हातांनी दाबून त्यांनी एकदम सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली. मग उजवा कोपरा दाबला. तेच.

"दोन्ही मेले," आबा म्हणाले.

मेले म्हणजे मागचे शॉकअप. पुस्तकी शब्द शॉक ॲब्सॉर्बर, पण सोलापुरात गॅरेजमध्ये तो शब्द उच्चारला तर समोरचा आधी आपल्याकडे बघतो आणि मग शॉकअप काढून देतो. लहानपणापासून माझी समजूत अशी, की रस्त्याचा धक्का हा शॉकअप गिळतो. आबा चौथी शिकलेले. त्यांनी मला एकदा जुना शॉकअप हातात देऊन सांगितले होते, "धक्का पाटे घेतात रे. पण पाट्याला एकदा हलवला की तो हलतच बसतो. त्याला गप्प करायचं काम याचं." आत एक नळी, नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. गाडी वरखाली झाली की दट्ट्याला त्या भोकांतून तेल ढकलावे लागते, त्यात त्याची दमछाक होते आणि झोका विरून जातो. तेल गळले की उरते नुसती सायकलची पंपनळी. इंग्रजीत याला डॅम्पर असेही म्हणतात, हे मला कॉलेजात आल्यावर शास्त्र शाखेच्या मित्राकडून कळले. आबांना सांगितले तर म्हणाले, "मग पहिल्यापासून तसंच म्हणायचं की!"

या गाडीच्या पाठीवर 'प्रीमियर पद्मिनी' लिहिलेले आहे, पण आमच्याकडे तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही. फियाट ती फियाटच. १०८९ सी.सी.चे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, मागे पाटे. ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बने, आणि कारखान्याची कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे. म्हणून आम्हा सोलापूरकरांना या गाडीविषयी माहेरच्या माणसासारखा जिव्हाळा असावा, असे एक वाक्य मी या लेखासाठी लिहिले आणि आबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "जिव्हाळा कसला? तेव्हा दुसरी गाडी मिळत नव्हती."

डॉक्टरांनी ही गाडी १९८४ साली घेतली. आबा त्याच वर्षी, बाराव्या वर्षी, उस्तादांच्या गॅरेजवर कामाला लागले. त्यांचे पहिले काम या गाडीची चाके धुण्याचे. पुढे उस्ताद गेले, गॅरेज आबांकडे आले. डॉक्टरही गेले, गाडी बाईंकडे राहिली. जुना ड्रायव्हर आठवड्यातून एकदा बाईंना सिद्धेश्वराच्या देवळात नेतो, तेवढीच तिची फेरी.

आता प्रश्न नोंदणीचा होता. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती वाढवायची. १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ अशी पाच वेळा ती पास झाली. २०२४ ची सहावी खेप, मुदत ऑगस्टपर्यंत. बाईंचा मुलगा पुण्याला असतो. त्याचे म्हणणे, आता पुरे झाले, भंगारात द्या. त्याचेही काही खोटे नव्हते. बाई आबांना म्हणाल्या, "या वेळेला पास झाली तर ठेवते. नाही तर जाऊ दे."

आबा म्हणाले, "बाई, शॉकअप माझ्याकडे लागले."

आबांच्या हाताखालून एकेकाळी गावातल्या बहुतेक फियाटी जात. आता ही एकच उरली आहे. बाकी दुचाक्या, मारुत्या. त्यामुळे ते हे शब्द कोणासाठी बोलले, बाईंसाठी की स्वतःसाठी, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

सोलापुरातली दुकाने दोन दिवसांत पालथी घातली. एक दुकानदार हसला. दुसऱ्याने मारुतीचा शॉकअप पुढे केला आणि 'बसवा दाबून' म्हणाला. तिसऱ्याने मात्र खरोखर गल्ल्यावरून उठून माळा शोधला आणि धुळीने माखलेला क्लचचा तार घेऊन उतरला. फियाटचा होता, पण त्याचा आम्हाला काय उपयोग? मोबाइलवर फोटो भरपूर सापडले, विचारणा केली की माल शिल्लक नाही. शेवटी मी म्हणालो, "आबा, मी मुंबईला जाऊन आणतो." मुंबईत कुर्ला आहे, मोठा बाजार आहे, मला वाचता-बोलता येते. गॅरेज बंद ठेवणे परवडणारे नव्हते. आबांनी ४,००० रुपये दिले आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली, "उभा धरून हातानं ओढून बघ. वर ओढताना जड, खाली दाबताना त्यामानानं हलका. पाच-सात वेळा कर. मधे कुठं रिकामा वाटला तर घेऊ नको."

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालो, सकाळी दादरला उतरून लोकलने कुर्ल्याला. गाड्यांचे दरवाजे, बॉनेट, चाके यांच्या भिंतीच रचलेल्या. चार-पाच ठिकाणी नकार मिळाल्यावर एका दुकानात माल निघाला. काळ्या रंगाची झळझळीत जोडी, कागदात गुंडाळलेली. दुकानदाराने विचारले, "कॉलेजला आहेस का?" मी हो म्हणालो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, "तुझ्यासारख्या शिकलेल्या पोराला काय फसवायचं," असेही म्हणाला. मी त्या दिवशी पांढरा शर्ट घातला होता.

इथे मला खरे ते लिहिले पाहिजे. मी शॉकअप ओढून पाहिला नाही. विसरलो नव्हतो. ओढायचा म्हणजे उठून, बाह्या सारून, एक टोक बुटाखाली धरून, दुकानात चार माणसे बघत असताना दोन्ही हातांनी खेचायचा. म्हणजे हुबेहूब आबांसारखे दिसायचे. आणि मी तर नुकताच 'शिकलेला पोरगा' झालो होतो, खुर्चीवर बसून चहा पीत होतो. कागदावरचा इंग्रजी मजकूर वाचल्यासारखे केले, ३,२०० रुपये मोजले आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी कागद सोडला. पहिला शॉकअप उभा धरून ओढला. दट्ट्या असा वर आला की आबांचा तोल गेला. दुसराही तसाच. मग त्यांनी नखाने रंग खरवडला. रंगाच्या खाली गंज होता, गंजाच्या खाली आधीचा रंग. कोण्या मेलेल्या गाडीचे शॉकअप रंगवून ठेवलेले. मी वाट बघत होतो की आता आबा विचारतील, ओढून पाहिला होतास का? त्यांनी विचारले नाही. फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "जेवून घे."

ते जेवण मला अजून गिळता आलेले नाही.

त्या आठवड्यात आबांनी गॅरेज दोन दिवस बंद ठेवले आणि आम्ही दोघे निघालो. पिशवीत नमुना म्हणून डॉक्टरांच्या गाडीचा गळका शॉकअप आणि आईने दिलेली शेंगाची चटणी. आबांच्या उस्तादांच्या ओळखीचे एक मिस्त्री ग्रँट रोडच्या एका गल्लीत आहेत, त्यांच्याकडे गेलो. सत्तरीचे गृहस्थ, मूळचे साताऱ्याकडचे. आयुष्यभर काळ्या-पिवळ्या टॅक्सींचे काम केलेले. त्यांनी चटणी कपाटात ठेवली, आबांचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "एक वर्ष आधी का नाही आलात?"

त्यांनी सांगितले ते असे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही उरली नाही. मला वाटले, म्हणजे आता सुटे भाग ढिगाने पडून असतील! मिस्त्री हसले. "उलट आहे बाळा. टॅक्सी होती म्हणून पार्ट होता. कारखाना बंद झाल्यावरही पार्ट मिळायचा, कारण टॅक्सीवाल्याला रोज गाडी काढायची असते. त्याला आज शॉकअप लागतो, आज म्हणजे आजच. म्हणून कुणीतरी तो बनवायचा, कुणीतरी दुकानात ठेवायचा. तुमच्या डॉक्टरांसारख्यांच्या गाड्या त्याच्या जिवावर चालल्या. आता ज्याला भूकच नाही त्याच्यासाठी भाकरी कोण थापणार?"

अर्थशास्त्र हा माझा विषय आहे. मागणी घटली की किंमत उतरते, असे आम्ही फळ्यावर रेघा काढून शिकलो आहोत. मागणी एका मर्यादेखाली गेली की किंमत उतरत नाही, वस्तूच दिसेनाशी होते, हे ग्रँट रोडच्या गल्लीत एका स्टुलावर बसून कळले. डॉक्टरांची गाडी चाळीस वर्षे कोणाच्या आधाराने धावली, तर ज्यांना डॉक्टरांनी कधी पाहिलेही नाही अशा टॅक्सीवाल्यांच्या!

मग मिस्त्रींनी ऑपेरा हाउसच्या बाजारातल्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथे माळ्यावरून एक पुठ्ठ्याचा डबा उतरला. आत फियाटचाच मागचा शॉकअप, कधी न लावलेला. या वेळेला आबांनी तो माझ्या हातात दिला. मी बाह्या सारल्या, खालचे टोक बुटाखाली धरले आणि ओढला. जड. दाबला. त्यामानाने हलका. सात वेळा ओढला, तेलाचा तो संथ विरोध सातही वेळा सारखाच होता. दुकानातली माणसे बघत होती. बघू देत.

"दुसरा?" आबांनी विचारले.

दुसरा नव्हता. एकच होता.

आणि एक असून नसल्यासारखा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना घातला तर खड्ड्यात गाडीचा एक कोपरा गप्प बसतो आणि दुसरा नाचतो. वळणावर त्याचा भरवसा नाही. आबांनी आयुष्यात कधी एकटा शॉकअप घातला नव्हता. तरी त्यांनी तो विकत घेतला. १,८०० रुपये. मी काही बोललो नाही. गाडीत रात्रभर तो डबा आबांच्या मांडीवर होता.

उपाय शेवटी सोलापुरातच निघाला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. लेथवर काम करणारे आबांचे एक दोस्त आहेत. डॉक्टरांच्या गाडीचेच दोन्ही शॉकअप त्यांनी लेथला लावून वरून कापले. आतले दट्टे शाबूत होते, सील मात्र बिस्किटासारखे झालेले. मी आणलेले फसवे शॉकअपही फोडले. त्यांतला एक दांडा सरळ आणि गुळगुळीत निघाला, तो आमच्या वाकलेल्या दांड्याच्या जागी बसला. ३,२०० रुपयांतले तेवढे वसूल! सील त्याच मापाचे दुसऱ्या गाडीचे मिळाले. झाकण पुन्हा वेल्डिंगने बंद करायचे तर उष्णतेने सील करपणार, म्हणून दोस्तांनी झाकणांना आटे पाडले. पुढेमागे उघडायची वेळ आली तर पान्ह्याने उघडतील.

उरले तेल. दोन्हींत अगदी सारखे पडले पाहिजे. आबा बाईंकडे गेले आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातले, रेघा असलेले औषधाचे काचेचे माप मागून आणले. रेघांचे आकडे मी वाचत होतो, तेल आबा ओतत होते. एकदा मी "बस" म्हणालो तर आबा म्हणाले, "नीट बघ." मी डोळा मापाच्या पातळीत आणून पाहिले. तेल थोडे वर होते. आबांनी थेंबाथेंबाने कमी केले.

रविवारी दुपारी शॉकअप चढले. आबा मला म्हणाले, "दाब." मी डिकीचा डावा कोपरा दाबून सोडला. गाडी वर आली आणि जागच्या जागी बसली. उजवा दाबला. तसाच. ड्रायव्हरने उगीचच तीन वेळा स्वतः दाबून पाहिले.

जुलैअखेर गाडी तपासणीत पास झाली. बाईंनी पेढे पाठवले, आणि काचेचे माप परत नको म्हणून निरोप. हे शॉकअप पाच वर्षे टिकतील असे आबा म्हणत नाहीत. दोन पावसाळे म्हणतात.

नवा शॉकअप डब्यासकट गॅरेजच्या फळीवर आहे. दिवाळीत एक शौकीन माणूस बघून गेला, दुप्पट पैसे देत होता. आबांनी दिला नाही. यंदा हिवाळ्यात वक्तृत्व स्पर्धेसाठी मला मुंबईला जायचे होते. निघताना आबांनी डबा खाली काढला, शॉकअप पूर्ण ओढून आणि पूर्ण दाबून दोन्ही वेळा टेपने मोजला, आकडे माझ्या स्पर्धेच्या पत्रिकेमागे लिहिले आणि पत्रिका माझ्या खिशात घातली.

"वेळ मिळाला तर," ते म्हणाले, "ऑपेरा हाउसला चक्कर मार."