काजळी

दिवाळीच्या तोंडावर पणत्या धुण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. गतवर्षीची काजळी बोटाला लागली, की मला हटकून अण्णांची मॅटाडोर आठवते. पणतीचा आणि मोटारीचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. तो संबंध मला खांदेश्वरच्या एका मिस्त्रीने शिकवला.

गोष्ट २००६ सालची. निवृत्त झाल्यावर अण्णांनी एक जुनी डिझेल मॅटाडोर विकत घेतली होती. तिचे मूळ घराणे जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे. पण अण्णांच्या लेखी ती 'आपल्या आकुर्डीची'. मागच्या बाजूला त्यांनी फळ्यांचा पलंग ठोकला, स्टोव्हसाठी खोके केले, छताला कंदील टांगला. चाकांवरचे हे बिऱ्हाड घेऊन भाऊबीज झाल्यावर पंढरपूरला जायचे ठरले.

खोपोलीपर्यंत गाडी गुणी मुलीसारखी चालली. बोरघाटाची चढण लागली मात्र, आणि मागे काळ्याकुट्ट धुराचा लोट उठला. मागचे मोटारवाले हातवारे करू लागले. आई पदराने नाक झाकून बसली. शेवटी विठोबाला दुरूनच हात जोडून आम्ही माघारी फिरलो, ते थेट तळ्याजवळच्या गॅरेजात.

दिवाळीआधी त्या गॅरेजातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोऱ्याने गाडीचे ऑइल बदलले होते. अण्णा त्याच्यावरच कडाडले, "तूच काहीतरी बिघडवलंस!" पोऱ्या खाली मान घालून उभा राहिला.

मिस्त्री मात्र शांत होता. सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवून त्याने ते अण्णांपुढे धरले. "काका, काजळी कोरडी आहे. ऑइल जळत असतं तर ती तेलकट लागली असती आणि धूर निळा आला असता. पांढरा असता तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर पाणी आत शिरतंय, असं म्हटलं असतं. हा काळा. म्हणजे डिझेल जास्त, नाहीतर हवा कमी. कंदिलाची वात फार वर केली किंवा खालची भोकं बुजली, तर काच काळी होते ना? तसंच हे."

इंजिन चालू ठेवून त्याने एकेका नोझलच्या नळीचा नट क्षणभर सैल केला. दर वेळी इंजिन अडखळले. "चारही सिलिंडर काम करताहेत. आता नोझल खोलण्याआधी हवेची वाट बघू."

हवेची वाट! माझ्या पोटात धस्स झाले. पावसाळ्यात गाडी उभी होती, तेव्हा उंदीर शिरू नयेत म्हणून एअर क्लीनरच्या तोंडात जुन्या बनियनचा बोळा मीच कोंबला होता आणि साफ विसरलो होतो. सपाटीवर इंजिनाने कसेबसे निभावले. चढणीवर डिझेल वाढले, पण हवा वाढेना.

बोळा बाहेर आला. "बघ, चिंधी विसरून गेलास!" अण्णा पोऱ्याला म्हणाले. मिस्त्रीने त्याला तिथेच घरी जायला सांगितले. आणि मी, पंचविशीतला, मुलांना सत्यकथन शिकवणारा मास्तर, गप्प उभा राहिलो.

रात्री जेवण गेले नाही. अखेर अण्णांना सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सकाळी फराळाचा डबा घे. सांगायचं तू. मला माझं वेगळं सांगायचं आहे."

सकाळी मिस्त्रीपुढे मी कबुली दिली. त्याने पोऱ्याला बोलावणे धाडले. तो येताच अण्णा उठले आणि त्या पोराला हात जोडून म्हणाले, "बाळा, माझं चुकलं." पोऱ्या इतका गोंधळला, की त्यानेही हात जोडले. मग दोघेही हसले. माझी मान मात्र वर होईना.

ती मॅटाडोर पुढे भंगारात गेली. छताचा कंदील तेवढा आम्ही काढून घेतला. आजही वर्गात एखाद्या मुलावर आवाज चढू लागला, की मला तो बनियनचा बोळा दिसतो. मी खडू खाली ठेवतो, खिडकी उघडतो आणि आधी त्या पोराला बोलू देतो.