मणका खरेच सरकतो का?

पाठदुखीचे रुग्ण दवाखान्यात आले की दुखण्याआधी त्याचे नाव सांगतात. कुणाचा ‘मणका सरकलेला’ असतो, कुणाच्या ‘मणक्यात गॅप’ आलेली असते, कुणाची ‘नस दबलेली’, तर कुणाची ‘गादी बाहेर आलेली’ असते. हे नाव कोणी दिले असे विचारले, तर शेजारच्या काकू, एक्स-रे काढणारा मुलगा आणि अलीकडे हमखास मोबाइलवरचा व्हिडिओ अशी उत्तरे मिळतात. त्या व्हिडिओत रुग्णाला कुशीवर निजवलेले असते. उपचार करणारा त्याच्या कमरेवर एका झटक्यात भार देतो, ‘कट्ट’ असा आवाज होतो आणि रुग्णाच्या चेहऱ्यावर सुटकेचे हसू उमटते. या पद्धतीला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. मोठ्या शहरांतील ही पद्धत आता शिबिरांच्या रूपाने लहान गावांतही येऊ लागली आहे आणि ‘डॉक्टर, जाऊ का?’ हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोर येतो. म्हणून, वाचकहो, हा विषय जरा सविस्तर मांडतो.

कायरोप्रॅक्टिक हा शब्द ग्रीक मुळांतून बनवलेला आहे. हाताने केलेली क्रिया असा त्याचा अर्थ. पद्धतीचा जन्म मात्र अमेरिकेतला. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी डॅनिएल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करीत असत. १८९५ साली त्यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीच्या मणक्यावर दाब दिला आणि त्याचे बहिरेपण दूर झाले, असा दावा केला. त्यावरून त्यांनी सिद्धान्त मांडला की, बहुतेक रोगांचे मूळ जागेवरून ढळलेल्या मणक्यात आणि त्यामुळे दबलेल्या मज्जातंतूत असते. शरीररचनेचे पहिल्या वर्षाचे पुस्तक उघडले तरी येथे अडखळायला होते. कारण श्रवणाची नस कवटीच्या आतूनच कानाकडे जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही. खुद्द ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या नियामक परिषदेने २०१० मध्ये स्पष्ट केले की, अशा ‘ढळलेल्या मणक्यामुळे रोग होतात’ या म्हणण्याला संशोधनाचा आधार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मानेत सात, छातीच्या भागात बारा आणि कमरेत पाच असे चोवीस मणके एकमेकांवर रचलेले असतात. त्यांच्यामध्ये चिवट चकत्या, मागच्या बाजूला जोडीजोडीने सांधे, चहूबाजूंनी अस्थिबंध आणि त्यांवर स्नायूंचे थर. ही रचना मुलांच्या खेळातल्या ठोकळ्यांसारखी नाही. झोपेत कूस बदलताना किंवा पाण्याची कळशी उचलताना मणका निसटून बाजूला जाऊन बसत नाही. नारळाच्या झाडावरून पडलेल्या किंवा मोटारसायकलच्या अपघातात सापडलेल्या माणसाचा मणका खरोखर निखळू शकतो. पण असा माणूस चालत दवाखान्यात येत नाही.

एक प्रकार मात्र खरा आहे. काहींच्या कमरेतील चौथा किंवा पाचवा मणका खालच्या हाडावर हळूहळू पुढे घसरलेला असतो. तो एक्स-रेवर दिसतो, मिलिमीटरमध्ये मोजता येतो आणि त्याच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. पण हा मणकाही हाताने दाबून मागे जात नाही. घसरण थोडी असेल, तर अनेकांना तिचा जन्मभर पत्ताही लागत नाही.

मग तो ‘कट्ट’ आवाज कशाचा? सांध्यात थोडा वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्याने ताणला की आतला दाब उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी निर्माण होते. बोटे मोडताना होणारा आवाज तोच. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा वाजत नाही, हे आपण शाळेत असल्यापासून जाणतो. म्हणजे आवाज झाला याचा अर्थ हाड जागेवर बसले असा नव्हे. तसेच पोटावर निजवून ‘तुमचा एक पाय आखूड दिसतो’ असे दाखवले जाते, त्याचेही. बहुसंख्य माणसांच्या दोन पायांत काही मिलिमीटरचा फरक असतोच. आपले दोन कान तरी कुठे अगदी सारखे असतात?

तरीही लोकांना बरे वाटते, आणि ते खोटे सांगत नाहीत. झटक्यानंतर आखडलेले स्नायू काही काळ सैल पडतात, वेदनेची जाणीव मंदावते. आमच्या लहानपणी कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणीत आणि त्याच्याकडून कमरेवर हलकीशी लाथ मारून घेत. उसण उतरे. ती पायाळूच्या गुणाने उतरे की आपोआप, हे कुणी तपासत नसे. कंबर अचानक धरली तर बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत स्वतःहून ओसरते. त्या मुदतीत जो उपचार चालू असेल त्याला यश लाभते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. शिवाय कायरोप्रॅक्टर रुग्णाला अर्धा तास देतो, त्याच्या दुखऱ्या जागेला हात लावतो, मन लावून ऐकतो. आम्हा डॉक्टरांच्या ओपीडीत पाठदुखीच्या वाट्याला येणारा वेळ सर्वांना ठाऊक आहे. या बाबतीत आमच्या व्यवसायाने त्यांच्याकडून शिकावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

माझा आक्षेप हाताच्या उपचारापेक्षा त्याच्याबरोबर रुग्णाला दिल्या जाणाऱ्या शब्दांवर आहे. माझ्याकडे साठीच्या आसपासच्या एक बाई येतात. नऊ वर्षांपूर्वी त्यांची कंबर धरली, तेव्हा एका ठिकाणी एमआरआयची फिल्म उजेडाला धरून त्यांना सांगण्यात आले, ‘मणका सरकलाय, वाकलात तर पाय जातील.’ दुखणे दीड महिन्यात थांबले. पण बाईंनी जमिनीवर बसणे सोडले, केर काढणे सोडले, देवापुढे वाकून नमस्कार करणे सोडले. पंगत पाटांवर बसे आणि यांचे ताट टेबलावर. नातू झाला, तेव्हा त्याला उचलून घ्यायची त्यांची छाती झाली नाही. पलंगावर उशांना टेकून बसल्यावर सून बाळ मांडीवर ठेवी. कमरेचा पट्टा तर अंगाचाच भाग झाला होता. गेल्या वर्षी त्या एका शिबिरात जाऊन आल्या. दोन बैठकांत हलके वाटले. ‘मणका बसवला आहे, पण पुन्हा सरकू शकतो, दर महिन्याला यावे लागेल,’ असे सांगून त्यांना बारा बैठकांचे पॅकेज देण्यात आले. भीती होती तिथेच राहिली, तिला हप्ता मात्र सुरू झाला.

त्यांचा जुना अहवाल मी ओळीओळीने वाचला. मणका सरकल्याचा त्यात उल्लेखच नव्हता. चकतीची झीज आणि थोडा फुगवटा, एवढेच होते. ज्यांना पाठदुखी मुळीच नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र करून केलेले एक विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या चकत्यांत झीज आढळली. फुगवटा अनुक्रमे ३० आणि ६० टक्के लोकांत होता. डोक्यावर पिकलेले केस असतात, तसेच हे. मी बाईंना हे आकडे सांगितले, पण आकड्यांनी कुणाची भीती जात नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आधी उंच स्टुलावरून, मग बुटक्या स्टुलावरून, शेवटी पाटावरून उठण्याचा सराव त्यांनी दोन महिने केला. दिवाळीत त्या जमिनीवर बसून करंज्या लाटत होत्या, असे त्यांची सून औषध न्यायला आली तेव्हा सांगून गेली. पट्टा कपाटात आहे म्हणे. टाकून द्यायचा धीर अजून झालेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात व्यायाम, दुखण्याविषयी योग्य माहिती, मालीश यांच्या जोडीला मणक्यांना हाताने दिलेल्या उपचारालाही स्थान आहे. कमरेचे पट्टे आणि वजने लावून ताणणे यांची मात्र शिफारस नाही. तेव्हा साध्या कंबरदुखीसाठी, व्यायामाच्या जोडीला, प्रशिक्षित माणसाकडून काही बैठका घ्यायला माझी हरकत नसते. त्याची पदवी कोणती, शिक्षण किती वर्षांचे, आधी तपासणी करतो की थेट झटका देतो, हे विचारण्यात संकोच करू नका. मधुमेह, दमा, बाळाचे रडणे किंवा बहिरेपण मणका बसवून बरे करतो, असे कुणी म्हणाले, तर तेथून उठावे.

मानेला झटका मात्र कुणाकडूनही देऊन घेऊ नका, अगदी सलूनमधल्या सवयीच्या माणसाकडूनही. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधूनच वर चढतात. झटक्याने त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. ती विरळ आहेत, पण घरातल्या तरुण माणसावर येतात.

दोन वर्षांपूर्वी विशीतली एक मुलगी आली. तीन महिने पाठ दुखत होती, तीही रात्री अधिक. कुठेतरी तीन वेळा मणका ‘बसवून’ झाला होता. संध्याकाळी अंग कोमट लागते, पंजाबी ड्रेस सैल होऊ लागले आहेत, हे तिच्या आईने जाता जाता सांगितले. पाठीच्या एका मणक्यावर बोटाने हलकेच ठोकले, तर ती कळवळली. एमआरआयमध्ये मणक्याचा क्षयरोग निघाला. वर्षाहून अधिक काळ गोळ्या घेऊन ती बरी झाली, पाय शाबूत राहिले. पोखरलेल्या हाडावर चौथा झटका बसला असता, तर काय झाले असते, हे मी तिच्या आईला सांगितले नाही.

म्हणून पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्री जागे करणारी वेदना असेल. पूर्वी कर्करोग झालेला असेल. सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या निमित्ताने वर्षानुवर्षे स्टेरॉइड पोटात गेलेले असेल. पाळी थांबलेल्या स्त्रीला साध्या धक्क्याने पाठीत जोराची कळ आली असेल, तर आधी डॉक्टरांची तपासणी, मग बाकी सगळे. आणि कंबरदुखीच्या रुग्णाला लघवी होईनाशी झाली, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला किंवा पायातली ताकद उतरू लागली, तर शिबिर नको, पायाळू नको, माझा दवाखानाही नको. त्याच रात्री गाडी करून, जिथे मणक्याची शस्त्रक्रिया होते त्या मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे तासांचा हिशेब असतो.