पाइप तुटला नाही, वाकला

जालना जिल्ह्याची ओळख दोन गोष्टींमुळे: बियाणं आणि लोखंड. आमच्या हसनाबादला या दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात, शेडनेटमध्ये. आत मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट, वर जाळी, आणि तिला तोलणारे जीआय पाइप. वळवाच्या वादळात काकांचं शेडनेट बसलं. मी जाऊन पाहिलं तर एकही पाइप तुटलेला नव्हता. सगळे मधोमध वाकलेले.

काका म्हणाले, "लोखंडच हलकं निघालं. औंदा जाड पाइप घेऊ." जाड पाइप म्हणजे जास्तीचं कर्ज. मी पोटासाठी कोड लिहितो, पण डिग्री मेकॅनिकलची. म्हटलं, थांबा दोन दिवस.

प्लास्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबून बघा. ती चिरडत नाही, अचानक बाक घेते. हेच बकलिंग. ऑयलर या गणितज्ञाने 1744 मध्ये त्याचं गणित मांडलं. गंमत अशी, की त्यात लोखंड किती दणकट हे येतच नाही. येतो तो त्याचा ताठपणा, पाइपचा आकार आणि आधाराविना असलेली लांबी. लांबी दुप्पट झाली, की ताकद चौथाईवर.

काकांच्या मापाचा पाइप घेतला: बाहेरून 48.3 मिमी, जाडी 2.9 मिमी, उंची 3 मीटर. नुसता दाबला तर धातू सुमारे 10 टनांना हार मानतो. दोन्ही टोकं जागेवर धरलेली असतील, तर बाक 2.4 टनांनाच येतो. खालचं टोक पक्कं, पण वरचं मोकळं डुलत असेल, तर जेमतेम 600 किलोंना.

मग लॅपटॉपवर कॅल्क्युलिक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडलं. फायनाईट एलिमेंट पद्धतीत पाइपचे छोटे छोटे तुकडे करतात, प्रत्येकाचा ताठपणा मांडतात आणि सगळी समीकरणं एकत्र सोडवतात. साध्या विश्लेषणात ऑयलरचेच आकडे आले. पण तो पाइप सुतासारखा सरळ. खरा पाइप तसा कधीच नसतो. म्हणून मॉडेलमध्ये आधीच काही मिलिमीटरचा बाक दिला, वाऱ्याचा आडवा मार लावला आणि भार हळूहळू वाढवला. आकडे आणखी खाली आले.

तरी स्क्रीनवर विसंबून चालत नाही. अमेरिकेत हार्टफर्डच्या स्टेडियमचं प्रचंड छत 18 जानेवारी 1978 च्या पहाटे बर्फाच्या भाराने कोसळलं. काही तास आधी तिथे सुमारे 5,000 प्रेक्षक होते. रचनेचा हिशेब कॉम्प्युटरवर झाला होता. वरच्या दांड्यांना मध्ये आधार आहे असं त्यात धरलेलं, प्रत्यक्षात तो पुरेसा नव्हता. कॉम्प्युटर खोटं बोलला नाही. त्याला जे सांगितलं, ते त्याने खरं मानलं.

म्हणून काकांना विचारलं, "कडेचे तिरके टेकू होते ना?"

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "फवारणीला आडवे येत व्हते. दोन वर्षांमागं काढले."

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. तोच पाइप, वरचं टोक टेकूने धरलेलं. चौपट भार. जाड पाइप घेऊन वरचं टोक मोकळं ठेवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

काकांनी बराच वेळ ती रंगीत चित्रं पाहिली. कर्जाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "टेकू लावू," ते म्हणाले, "फवारताना आपणच वाकून जाऊ खालून."