तीर्थावरील दृष्टि

नाशिकाहून सुमारें तीस किलोमीटरांवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं, त्र्यंबकेश्वर क्षेत्र वसलेलें आहे. गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीवर. परंतु तेथें गुप्त झालेली गंगा गांवांतील कुशावर्त कुंडांत पुन्हां प्रकट होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. भोंवतीं दगडी ओवऱ्या आणि मध्यें पायऱ्या उतरत गेलेलें चौकोनी कुंड, असें हें स्थान. गुरु सिंह राशीस आला म्हणजे, दर बारा वर्षांनीं, येथें सिंहस्थ भरतो. वैष्णव आखाडे नाशिकास रामकुंडावर स्नान करतात व शैव संन्याशांचे आखाडे कुशावर्तावर. म्हणून भस्मधारी नागा साधूंची मिरवणूक त्र्यंबकासच पाहावयास मिळते. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा. त्या निमित्तानें एका नाजूक प्रश्नाचा विचार घराघरांतून व्हावा, असें वाटतें.

या पायऱ्यांवर उघडें अंग दोन प्रकारचें दिसतें. नागा साधु दिगंबर असतो. दिशा हेंच त्याचें वस्त्र. ती नग्नता म्हणजे व्रत होय, आणि तें त्यानें जाणूनबुजून पत्करलेलें असतें. त्याच पायऱ्यांवर एखादी आजी ओलेत्यानें वर येते. सून लुगड्याचा आडोसा धरते आणि आजी घाईघाईनें वस्त्र बदलते. येथें व्रत नाहीं. आहे ती केवळ अडचण, आणि भोंवतालच्या माणसांवरील विश्वास. या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

भिंती नसतां हा विश्वास शतकानुशतकें टिकला कसा? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत स्नातक गृहस्थाचे नियम आहेत. नग्न होऊन स्नान करूं नये, असें तेथें सांगितलें आहे. पण त्याच अध्यायांत विवस्त्र स्त्रीकडे पाहूं नये, डोळ्यांत काजळ घालणाऱ्या किंवा अंगास तेल लावून उघडी बसलेल्या स्त्रीकडेहि पाहूं नये, असें बजावलें आहे. म्हणजे लज्जारक्षणाचा अर्धा भार देहावर व अर्धा भार पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर! घाटाची खरी भिंत ही दृष्टीची भिंत होती. पूर्वीचे सर्वच पुरुष संयमी होते, असें नव्हे. परंतु टक लावून पाहणारा तेथेंच उभा असे, "मेल्या, घरीं आयाबहिणी नाहींत का?" असें त्यास चारचौघांत ऐकवतां येई.

कॅमेऱ्यानें ही भिंत पाडली. पाहणारा आतां घाटावर नसतो; तो शेंकडों कोसांवर, अदृश्य असतो. २०२५ च्या फेब्रुवारींत प्रयागच्या महाकुंभांत स्नान करणाऱ्या स्त्रियांचीं चलच्चित्रें समाजमाध्यमांवर पसरलीं, त्यांची विक्रीहि मांडली गेली, आणि उत्तर प्रदेश पोलिसांस गुन्हे नोंदवावे लागले. त्या स्त्रियांनीं सोबतच्या यात्रेकरूंवर विश्वास टाकला होता. साऱ्या जगास पाहण्याची अनुज्ञा दिली नव्हती.

कायद्यानें या भेदाची दखल घेतली आहे. २०१३ सालीं दंडसंहितेंत झालेल्या दुरुस्तीप्रमाणें स्त्रीचें खासगी स्थितींतील चित्र चोरून घेणें हा गुन्हा ठरला. शिवाय चित्र काढण्यास दिलेली संमति ही तें इतरांस दाखविण्याची संमति नव्हे, हेंहि स्पष्ट झालें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमांत हेंच तत्त्व कायम आहे. तीर्थ सोडून समुद्राकडे वळलें तरी प्रश्न तोच. २०२३ च्या जानेवारींत गोव्याच्या पर्यटन खात्यानें सूचना काढली कीं, परवानगीवांचून अनोळखी पर्यटकांचीं छायाचित्रें घेऊं नयेत, विशेषतः ते उन्हांत पहुडलेले किंवा समुद्रांत पोहत असतांना. कुशावर्तावरील लुगडें निराळें व कळंगुटचा पोहण्याचा पोषाख निराळा. परंतु मर्यादा एकच.

"उघड्यावर आली म्हणजे तिची संमति आलीच," असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा युक्तिवाद लंगडा आहे. दार उघडें दिसलें म्हणून कोणी परक्याच्या माजघरांत शिरत नाहीं. नागा साधूविषयींहि हेंच. कित्येक साधु आपण होऊन कॅमेऱ्यापुढें उभे राहतात, कित्येक चिमटा उगारतात. नग्नता हें त्याचें व्रत असेल. छायाचित्र देणें हें व्रत नव्हे. त्यासहि विचारलेंच पाहिजे.

आपल्या पिढीनें मुलींस पदर सांवरावयास शिकविलें. मुलांस डोळे खालीं घालावयास तितक्याच कसोशीनें शिकविलें का? आजचीं नातवंडें वस्त्राविषयीं फारसें बोलत नाहींत, "विचारलें होतें का?" एवढेंच पुसतात. वडील मंडळींस तें उद्धटपणाचें वाटतें. वस्तुतः तो प्रश्न जुन्या शास्त्राच्या जवळचाच आहे. कारण तोहि पाहणाऱ्यासच जाब विचारतो.

दोष नेहमीं परक्याचाच असतो, असेंहि नाहीं. घरचाच एखादा पुतण्या कौतुकानें आजीचें गंगास्नान टिपतो आणि कुटुंबाच्या समूहावर धाडतो. तेथून तें कोठें जाईल, हें त्याच्या हातीं उरत नाहीं. तेव्हां सिंहस्थास जाणाऱ्या कुटुंबांनीं एवढें अवश्य करावें: घाटावर उतरण्यापूर्वी फोन पिशवींत ठेवावेत, आणि रिकाम्या झालेल्या हातांनीं आजीसाठीं आडोसा धरावा.