कवड्याचे पिल्लू

झाशीच्या जुन्या शहरात नेवाळकरांच्या काळी येऊन स्थिरावलेली काही मराठी घराणी आजही आहेत. तेथील ज्या गणेश मंदिरात 1842 मध्ये राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, ते मंदिर या मंडळींच्या जिव्हाळ्याचे ठिकाण आहे. भाद्रपदात त्यांच्या घरी गणपती येतो आणि त्याआधी वर्षभर न हललेली अडगळ हलते. अशाच एका घरात जिन्याखालचा कोनाडा झाडताना जुन्या पाटाखालून वीतभर लांबीचे, पेन्सिलीहून बारीक असे सापाचे पिल्लू बाहेर आले. तपकिरी अंगावर पिवळसर पांढरे पट्टे होते.

घरात एकच गलका झाला. शेजाऱ्यांनी काठी आणली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आजोबांनी मात्र सर्वांना मागे सारले. झाडूच्या लांब दांड्याने त्यांनी एक घमेले पिल्लावर पालथे ढकलले, त्यावर वीट ठेवली आणि वन विभागाला दूरध्वनी केला.

आता वाट पाहणे आले. दहा वर्षांचा नातू घमेल्यापासून हलेना.

"आजोबा, त्याला भूक लागली असेल. वाटीत दूध ठेवू?"

"नको रे. सापाला दूध पचत नाही. तहानेने व्याकूळ झाला तर पिईल, आणि त्यानेच आजारी पडेल."

"मग त्याची आई शोधत असेल ना?"

हा प्रश्न माणसाच्या लेकराचा होता. अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून बसते, नागराजाची मादी पाचोळ्याचे घरटे करून राखण करते. पण बहुतेक सापांच्या माद्या अंडी घालून निघून जातात. पिल्लू तोंडाच्या टोकाशी असलेल्या इवल्या दाताने कवच फाडून स्वतःच बाहेर येते. अंड्यातील बलकाचा काही अंश त्याच्या पोटात शिल्लक असतो. पहिली कात टाकेपर्यंत त्याला सहसा खाण्याची घाई नसते. त्याच्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही, हे मुलाला पटणे अवघड होते. दयाळू माणसालाही ते अवघडच जाते.

"हा कवड्या आहे ना?" त्याने पुन्हा विचारले. "कवड्या बिनविषारी असतो. मग हातात घेऊ?"

"मलाही कवड्याच वाटतो," आजोबा म्हणाले, "पण मण्यारही असू शकते. नुसत्या वाटण्यावर हात घालू नये."

आजोबांची ही सावधगिरी अनाठायी नव्हती. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीच्या चमकदार काळसर अंगावर बारीक पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या असतात व त्या शेपटीकडे अधिक स्पष्ट दिसतात. पिल्लांमध्ये मात्र हा फरक जाणत्यालाही चकवतो. मण्यारीचे पिल्लू जन्मतःच विषारी असते. तिचा दंश फारसा दुखत नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही आणि काही तासांत श्वास अडखळू लागतो. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

संध्याकाळी वन विभागाचा माणूस आला. त्याने पिल्लू आकड्याने उचलून बरणीत घेतले, विजेरीच्या उजेडात निरखले आणि ते कवड्याचेच असल्याचे सांगितले. बिनविषारी, पण चावरा. पाली हे त्याचे आवडते भक्ष्य.

"घरात पाली पुष्कळ आहेत," नातू आशेने म्हणाला. "राहू द्या की!"

वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये झाला. सापांना पकडून घरात ठेवणे त्याविरुद्ध आहे, हे त्या माणसाने हसून समजावले. फार दूर नेऊन सोडले तर अनोळखी जागी ते टिकणार नाही, म्हणून घरामागच्या पडक्या आवारातील दगडांजवळ बरणी आडवी केली. पिल्लू क्षणभर थांबले, जीभ बाहेर काढून त्याने हवा चाचपली आणि एका फटीत ते दिसेनासे झाले. नातवाने त्याला ठेवायचे ठरवलेले नाव कोणालाच सांगितले नाही.

अंडी एकाहून अधिक असतात, हे ध्यानी घेऊन आजोबांनी त्या रात्री कोनाड्याच्या भेगा चुन्याने बुजवायला घेतल्या. प्रत्येक भेग बुजवण्यापूर्वी ते आत वाकून पाहत होते. विजेरी नातवाच्या हातात होती.