तिनईकरांची गिटार

तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. या भागातल्या भजनी मंडळात पखवाजावर आज एक बसतो, उद्या दुसरा, भजन अडत नाही. रॉक बँडमधला एक माणूस उठून गेला की मात्र सगळा नादच पालटतो. मागे राहिलेल्याला स्वतःचं वाजवणं पुन्हा शोधावं लागतं. मुंबईचे गिटारवादक महेश तिनईकर यांनी ते एकदा नव्हे, अनेकदा शोधलं.

१९८४ साली मुंबईत तिनईकरांचा 'रॉक मशीन' हा बँड सुरू झाला. कॉलेजांच्या महोत्सवांत तेव्हा परदेशी गाणी हुबेहूब वाजवणाऱ्यांना टाळ्या पडत. या मुलांनी स्वतःची गाणी रचली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम आला, १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. तिनईकरांच्या जोडीला जयेश गांधींची दुसरी गिटार होती. दोन गिटारी एका गाण्यात नांदवणं सोपं नाही. एकानं ताल धरला की दुसऱ्यानं वरच्या पट्टीत जागा शोधायची, आणि कधी चक्क थांबायचं. हे थांबणं तिनईकरांना पुढे फार उपयोगी पडलं असावं.

१९९३ मध्ये बँडनं 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं, १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. १९९७ मध्ये बँड फुटला. गायक उदय बेनेगल आणि जयेश न्यूयॉर्कला गेले.

बँड असे फुटणं या संगीतात नवं नाही. 'किंग क्रिमसन' या ब्रिटिश बँडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप १९६९पासून सोबती बदलत राहिले, मधेच १९७७ मध्ये गायक डेव्हिड बोवीच्या 'हीरोज' या अल्बमसाठी वाजवून आले.

बेनेगल न्यूयॉर्कहून परतल्यावर त्यांनी आणि तिनईकरांनी 'व्हर्लिंग कलापाज' ही जोडी जमवली. विजेच्या गिटारीचा लांबणारा स्वर इथे नव्हता. लाकडी, अकूस्टिक गिटारीवर छेडलेला स्वर लगेच विरतो, म्हणून प्रत्येक आघात नेमका हवा.

२०१० मध्ये 'इंडस क्रीड' पुन्हा उभा राहिला, जयेशशिवाय. २०१२ चा 'इव्हॉल्व्ह' त्यांच्या आधीच्या कामापेक्षा सरस आहे. गाणी प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकलेली, मिक्सिंग टिम पामरचं. झुबिन बालापोरियांच्या कीबोर्डला वाट देत तिनईकरांची गिटार मागून पुढे येते. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी, दोघंही नवे. त्यांच्या तालावर तिनईकर या वयात नव्यानं वाजवायला शिकले, ते त्या अल्बममध्ये स्पष्ट ऐकू येतं.