धबधब्यावरचं फडकं



चातुर्मासात आपण शक्यतो प्रवास टाळतो. पण लेकीनं हट्टच धरला, म्हणून रविवारी राधानगरीजवळच्या राऊतवाडी धबधब्यावर गेलो. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेलं दाजीपूरचं जंगल याच तालुक्यातलं. निघताना सासूबाईंनी पिशवीत उकळलेलं पाणी आणि गाळायचं दुहेरी फडकं आठवणीनं ठेवलं.

धबधब्याखाली माणसांची ही गर्दी! दशम्या खाऊन झाल्यावर डबे धुवायला ओढ्याचं पाणी घेतलं, पण चारचौघांत फडकं काढायची मला लाज वाटली. एवढं पाणी कोसळतंय आणि ही बाई तांब्याभर गाळत बसलीय, असं म्हणतील!

लेकीनंच फडकं काढून तांब्याच्या तोंडावर धरलं. गाळून झाल्यावर ओढ्याशी वाकून ते उलटं केलं आणि वरून गाळलेलं पाणी ओतत जीव परत ओढ्यात सोडले. मी हे तिला कधी मुद्दाम शिकवलं नव्हतं. आजीचं रोज बघून शिकली.

सूर्यास्ताआधी घरी पोचलो. जेवायला वाढताना सासूबाईंनी विचारलं, "फडकं लागलं का गं?"

"लागलं," मी म्हटलं, "पण काढलं तुमच्या नातीनं."